मोतीची नाल

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या दाराला आतून एक जुनी नाल लावलेली आहे. येणारा-जाणारा तिच्याकडे बघतो आणि साडेसातीचा विषय निघतो. शेजारच्या काकूंनी तर "काळ्या घोड्याचीच आहे ना?" असं विचारून घेतलं होतं. घोडा काळा नव्हता, तांबडा होता. त्याचं नाव मोती. बेळगावच्या वडगावात माझ्या आजोबांचा टांगा होता, त्याला तो जुंपलेला असायचा.

मध्यंतरी माझ्या सात वर्षांच्या लेकीने ती नाल खाली काढायला लावली, तिची भोकं मोजली आणि विचारलं, "बाबा, यातून खिळे ठोकताना त्याला दुखायचं नाही?" तिच्याएवढा असताना हाच प्रश्न मी आबांना विचारला होता. आबा म्हणाले होते, "न्हाई रे, नखच हाय ते." माझा त्यावर विश्वास बसला नाही. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मी त्यावर उपाय शोधायला निघालो, आणि जे झालं ते मंडळाच्या अंकात पहिल्यांदाच लिहितो आहे.

वडगाव म्हटलं की बेळगावच्या माणसाला माग आठवतात. आमच्या गल्लीत सकाळी उजाडल्यापासून पॉवरलूमची खडखड सुरू व्हायची आणि तिच्यातूनच मोतीच्या टापा ऐकू यायच्या. रविवार पेठ, खडेबाजार, स्टेशन अशा आबांच्या फेऱ्या. रिक्षा वाढल्या तसे टांगे कमी झाले. मी कॉलेजला गेलो तोवर गावात बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आबांची गिऱ्हाइकं मात्र ठरलेली: बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्या, सुताची गाठोडी, आणि यात्रेच्या दिवसांत बाहेरगावचे पाहुणे. आषाढात वडगावच्या मंगाई देवीची यात्रा असते. त्या दोन-चार दिवसांत आबा इतर वेळच्या महिन्याभराएवढं कमवायचे. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

महिना-सव्वा महिन्याने नालबंद चाचा यायचे. सायकलला पिशवी, पिशवीत हातोडी, पक्कड, कानस आणि खूर तासायचं हत्यार. नालबंद हा आमच्या भागात धंदाही आणि आडनावही. मराठेशाहीच्या कागदांत ‘नालबंदी’ हा शब्द सापडतो. स्वाराला घोडं सज्ज करायला जी आगाऊ रक्कम मिळायची तिला नालबंदी म्हणत. पगाराच्या आधी नालेचे पैसे, इतकं ते महत्त्वाचं. चाचा मोतीचा पाय उचलून आपल्या मांडीवर घ्यायचे, जुनी नाल काढायचे, वाढलेला खूर तासायचे आणि नवी नाल बसवायचे. खिळा आत जाताना ते कान देऊन ऐकायचे. खूर टणक असेल तर आवाज खणखणीत येतो, खिळा आतल्या जिवंत भागाकडे वळला तर आवाज बदलतो. आवाज बदलला की हात थांबायचा, खिळा बाहेर. मला तेव्हा यातलं काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त खिळे दिसायचे.

२००८ साली मी दुसऱ्या वर्षाला होतो. शाखा कॉम्प्युटर, पण होस्टेलवरच्या मेकॅनिकलच्या मित्रांमुळे डोक्यात नसते उद्योग भरपूर. सायबर कॅफेत बसून कुठेतरी वाचलं की परदेशात घोड्यांना रबराचे, प्लॅस्टिकचे लवचिक नाल मिळतात. मला एकदम वाटलं, मी पायात स्पोर्ट्स शूज घालतो आणि मोती लोखंड घालून डांबरी रस्त्यावर पळतो, हे बरोबर नाही. आबांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ काय जमतंय ते. खरं जनावराला त्रास व्हायला नको." (आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. पुण्यात पहिलं वर्षभर माझ्या प्रत्येक ‘खरं’नंतर लोक काहीतरी सत्य ऐकायला मिळेल म्हणून थांबायचे.)

रबर शोधायला लांब जावं लागलं नाही. रस्त्याकडेला टायरचे तळ लावून चपला विकतात, तेच. उद्यमबागेत मित्राच्या ओळखीचं एक वर्कशॉप होतं, तिथे ट्रकच्या टायरमधून मोतीच्या खुराच्या मापाचे तळ कापून घेतले. आता ते पायाला बसवायचे कसे? इथंच घोडं पेंड खातं, हे मला शब्दशः कळायचं होतं.

पहिला प्रयत्न सँडलचा. टायरचा तळ, वर जाड कॅनव्हासचा पट्टा, खुराच्या वरच्या बारीक सांध्याभोवती बक्कल. अंगणात फिरवलं तेव्हा छान दिसलं. दोन दिवसांत आत वाळू आणि पाणी गेलं, सँडल पायाभोवती फिरायला लागलं आणि पट्ट्याखालची कातडी सोलवटली. पट्टा सैल करावा तर निघून पडायचं, घट्ट करावा तर काचायचं.

दुसरा प्रयत्न गोंदाचा. हार्डवेअरच्या दुकानात दोन ट्यूबा मिसळून लावायचा चिकट मसाला मिळतो तो आणला. जूनचा महिना, बेळगावचा पाऊस. खूर पाणी शोषतो, हे मला माहीत नव्हतं. सकाळी तबेल्यात गेलो तर मोती निवांत उभा आणि रबराचे दोन्ही तळ शेणात. ते सुटले हे बरंच झालं, हे मला आता कळतं. मी मसाला खुराच्या कडेने पुढून पार टाचेपर्यंत फासला होता. तो पक्का बसला असता तर लोखंडापेक्षा वाईट झालं असतं.

त्याचं कारण सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. घोड्याचा खूर म्हणजे आपल्या मधल्या बोटाचं नख समजा. सबंध घोडा चार बोटांवर उभा असतो, आणि अर्ध्याहून जास्त वजन पुढच्या दोघांवर. खुराची बाहेरची भिंत टणक आणि बधिर, तिच्यात खिळा गेला तरी दुखत नाही. आबा खोटं बोलत नव्हते. पण खालून बघितलं तर मागच्या बाजूला एक मऊ, त्रिकोणी गादी असते, आणि टाचेकडे भिंत पूर्ण जुळत नाही, फट राहते. पाय जमिनीवर पडून वजन आलं की टाच किंचित फाकते, उचलला की पुन्हा मिटते. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा खेळ, पण प्रत्येक पावलाला. त्याने धक्का जिरतो आणि पायातलं रक्त खेळतं राहतं. म्हणजे लवचिकपणा खुरातच आहे. नालेचं काम तो न अडवण्याचं. मी उलट समजत होतो. मला वाटत होतं की खूर दगड आहे आणि लवचिकपणा मी वरून आणून जोडणार आहे.

तिसरा प्रयत्न मला सर्वात हुशारीचा वाटला. नाल लोखंडाचीच ठेवायची, पण नाल आणि खूर यांच्यामध्ये रबराची जाड गादी. पकड लोखंडाची, आराम रबराचा. चाचांनी ती गादी बोटांनी दाबून बघितली आणि मान हलवली. "हे दबतंय. दबलं की खिळा ढिला होतोय." मी त्यांना शॉक अॅब्झॉर्बरवर भाषण दिलं. ते आबांकडे बघत राहिले. आबा हळूच म्हणाले, "बसीव बाबा. पोरगं शिकायलंय." चाचांनी पुढच्या दोन्ही पायांना गाद्यांसकट नाल बसवली. नेहमी गप्पा मारत काम करणारा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही.

पहिले चार दिवस मोती छान चालला. टापांचा आवाज मऊ झाला होता आणि मी गल्लीत ऐटीत फिरत होतो. प्रत्येक पावलाला रबर दबत होतं, उठत होतं, आणि त्याच्याबरोबर नाल केसभर हलत होती. खिळ्यांची भोकं रुंदावत होती. गादीखाली चिखल आणि बारीक खडी शिरत होती. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी खासबागेकडून येताना डाव्या पायाची नाल निसटली, आणि निसटताना खुराच्या भिंतीचा पाऊण बोटभर तुकडा घेऊन गेली. मोती तीन पायांवर घरी आला. आबा टांग्यातून उतरून त्याच्या शेजारून चालत आले होते, पावसात.

यात्रेचे सगळे दिवस टांगा दारात उभा होता. लोक विचारायला यायचे, आबा सांगायचे, "मोतीचा पाय मुरगळलाय." पाय मुरगळला नव्हता. खिळा धरण्याइतकी भिंत खाली वाढायला दोन महिने लागले. घोड्याचा खूर महिन्याला सेंटीमीटरभरसुद्धा वाढत नाही. त्या दोन महिन्यांत मोतीच्या हरभऱ्याचे आणि चाऱ्याचे पैसे आबांनी कुठून आणले, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरात हा विषय काढायचीच सोय नव्हती, कारण कोणी काढला की आबा उठून बाहेर जायचे.

बोलले ते चाचा. मोतीला पुन्हा नाल बसवायला आले, तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि पिशवीतून मोतीच्याच पायाची एक झिजलेली नाल काढली. खुराला टेकते ती बाजू वर केली. "बोट फिरीव." पुढच्या भागात लोखंड खरखरीत होतं, हातोडीच्या खुणा तशाच. मागच्या दोन टोकांना आलो तर एकदम गुळगुळीत, आरशासारखं, आणि हलकीशी खाच पडलेली. टाच रोज हजारो वेळा फाकून-मिटून त्या लोखंडावर घासत होती, तिने ते घासून चकचकीत केलं होतं. "म्हणून मागं खिळा मारायचा न्हाई," चाचा म्हणाले. "म्होरं धरायचं, मागं सोडायचं."

मग मी पहिल्यांदा त्यांचं काम नीट बघितलं. खुराचा सगळ्यात रुंद भाग येतो त्याच्या मागे एकही खिळा नाही. नालेची मागची टोकं खुरापेक्षा किंचित बाहेर, टाच फाकली तरी टेकायला लोखंड असावं म्हणून. खिळ्याचं टोकही सरळ नसतं, त्याला एका बाजूने उतार असतो, त्यामुळे ठोकल्यावर तो आपोआप बाहेरच्या दिशेला वळतो आणि भिंतीतून वर निघतो. ज्याला मी लोखंडी बेडी म्हणत होतो, तिच्यात हालचालीला जागा ठेवलेली होती. ती न ठोकलेल्या खिळ्यांत होती, त्यामुळे मला दिसली नाही.

पुढे नोकरीला लागल्यावर मी या विषयावर वाचत राहिलो, थोडं अपराधीपणाने, थोडं खरोखरच्या कुतूहलाने. माझे तीनही प्रयत्न माझ्या आधी कोणी ना कोणी करून ठेवलेले निघाले. रोमन लोकांकडे घोड्याच्या पायाला पट्ट्यांनी बांधायची लोखंडी सँडलं होती. जपानात दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत घोड्यांना भाताच्या पेंढ्याचे विणलेले जोडे घालत. मऊ, लवचिक, जनावराला आरामाचे, पण भराभर झिजणारे; लांबच्या प्रवासात ते पुन्हा पुन्हा बदलावे लागत. इंग्लंडमध्ये १८०० च्या सुमारास ब्रेसी क्लार्क नावाचे पशुवैद्य होते. खिळ्यांनी ठोकलेली नाल खुराची हालचाल मारते, हे त्यांनी आयुष्यभर ओरडून सांगितलं आणि उपाय म्हणून पुढच्या बाजूला बिजागरी असलेली नाल केली, म्हणजे दोन्ही बाजू टाचेबरोबर फाकतील. कल्पना किती बरोबर! पण चिखलात, दगडात, रोजच्या वापरात ती रूढ झाली नाही. नाल जितकी पायाचं ऐकणारी करावी, तितकी ती पायावर टिकवणं अवघड होत जातं.

आज पॉलियुरेथेनचे नाल मिळतात, काहींच्या आत धातूचा पातळ गाभा असतो, त्यामुळे खिळ्याला धरायला काहीतरी कडक सापडतं. म्हणजे माझी गादी चुकली ती इथे. गोंदाने चिकटवायचे नालही आहेत आणि ते चालतात, पण खूर कोरडा, घासून स्वच्छ केलेला लागतो आणि मसाला टाचेपासून लांब ठेवावा लागतो. म्होरं धरायचं, मागं सोडायचं. शर्यतीच्या घोड्यांना हलके अॅल्युमिनियमचे नाल असतात. रबराची आणखी एक गोम मला फार उशिरा कळली. लोखंडी नाल जमिनीवर टेकताना थोडी सरकते, आणि त्या सरकण्यात पायाचा झटका कमी होतो. रबर जागच्या जागी पकडतं. पकड जास्त झाली तर तो झटका सांध्यांत जातो, आणि कमी झाली तर काय होतं ते माथेरानच्या घोडेवाल्यांना विचारा. तिथे लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायला लागले तेव्हा घोडे घसरतात म्हणून त्यांनी विरोध केला. नाल चांगली की वाईट हे रस्ता ठरवतो, दुकान नाही.

बैलांचं तर आणखी गमतीचं आहे. निपाणीजवळच्या मामाच्या गावात ऊसवाहतुकीच्या हंगामाआधी बैलांना पत्री मारायचे. बैलाला दोरीने अलगद आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे आणि एकेका खुराला पत्री. लहानपणी ते बघून मी रडलो होतो. पण बैलाचा खूर दुभंगलेला, तो चिखलात दोन बोटांसारखा फाकतो, म्हणून पत्री एका पायाला एक नसते, दोन असतात, वेगवेगळ्या. जोडून एक केली तर काम सोपं आणि मजबूत होईल, पण तसं कोणी करत नाही. कर्नाटकी बेंदराला शिंगं रंगवून, झूल घालून ते बैल मिरवायचे तेव्हा सगळ्यांचं लक्ष शिंगांकडे. मी आता गेलो की पाय बघतो. मामा म्हणतो, "हा काय बैल विकत घ्यायला आलाय काय?" हल्ली बघायला पायही कमीच सापडतात. ऊस ट्रॅक्टरने जातो, आणि पत्री मारणाऱ्याला शोधत दोन-चार गावं पालथी घालावी लागतात, असं मामाच सांगतो.

कामाच्या ठिकाणी माझ्या हाताखाली आता नवी मुलं येतात. जुनी सिस्टीम बघून पहिल्याच आठवड्यात "हे सगळं काढून नवीन करू" म्हणतात. त्यांना मी मोतीची गोष्ट सांगत नाही, ती फार लांबते. मी फक्त म्हणतो, हे असं का केलंय ते आधी ज्याने केलंय त्याला विचारून ये. त्यांना मी जुन्या वळणाचा वाटतो. वाटू दे.

मोती त्यानंतर पाच-सहा वर्षं चालला. आधी तो गेला, मग चाचा, आणि त्यानंतर आबा. दारावरची नाल चाचांनी त्या दिवशी मला दिली तीच. गंज धरू नये म्हणून अधूनमधून तेलाचा हात फिरवतो. लेकीला मी मागच्या टोकांवरून बोट फिरवायला लावलं. तिला खाच लगेच लागली. मला लागायला वीस वर्षं आणि एक यात्रा लागली होती. "मग त्याला दुखायचं नाही ना?" तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "चाचा ठोकायचे तेव्हा नाही."

त्या टायरच्या तळांचं काय झालं, हे मात्र सांगायचं राहिलं. उद्यमबागेतून मी जास्तीचे दोन कापून आणले होते. मला वाटलं आबांनी फेकून दिले असतील. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा टांग्यात चढताना पायाखाली काहीतरी मऊ लागलं. आबांनी ते दोन्ही तळ टांग्याच्या लोखंडी पायरीवर चापून बसवले होते, चारी कोपऱ्यांना खिळे मारून. पावसात त्या पायरीवरून म्हाताऱ्या घसरायच्या, आता घसरत नव्हत्या. टांगा विकेपर्यंत ते तिथंच होते.